लय कुणाची?

आम्हा आयटीवाल्यांना क्लॉक सिंक म्हटलं की सर्व्हर आठवतात. दोन सर्व्हरची घड्याळं अर्धा सेकंद इकडेतिकडे झाली, की लॉगमध्ये उत्तर आधी आणि प्रश्न नंतर दिसतो. डोकं फिरतं अगदी. पण गाण्यात तीस मिलिसेकंदांतही वांधे होतात, हे परवा गावी गेलो तेव्हा नीट समजलं.

गाव बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईजवळ. चुलतभावाची लग्न-वरातीची छोटी पार्टी आहे. एक बँजो, एक कीबोर्ड, एक ऑक्टापॅड आणि ढोलकीवर साठीचे तात्या. भावाने पुण्याहून एक सेकंडहँड सिक्वेन्सर उचलला. सिक्वेन्सर म्हणजे सोळा बटणांचा डबा. कुठल्या बटणावर कुठला ठोका हे एकदा भरून ठेवलं की तो न थकता वाजवत राहतो. मला फोन आला, "शनिवारी ये अन् हे बसवून दे." आल्यावर खरा हिशोब कळला. डबा नीट चालला तर सुपारीचे पैसे चौघांऐवजी तिघांत वाटायचे. चौथे म्हणजे तात्या. त्यांनाही हे माहीत होतं. तरी ढोलकी घेऊन ते शेजारी येऊन बसले.

पहिलं काम टेम्पोचं. ते सोपं. तात्या वाजवत होते, मी त्यांच्या ठोक्यावर टॅपचं बटण दाबत गेलो. आकडा आला १००, म्हणजे मिनिटाला शंभर ठोके, एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले की प्रत्येकी १५०. डबा वाजायला लागला. सगळं अचूक, आणि ऐकायला शाळेतल्या कवायतीसारखं!

कारण तात्या असे समान भाग करतच नाहीत. त्यांचा पहिला बोल जरा रेंगाळतो, दुसरा घाईने येतो. याच्यासाठी डब्यात 'स्विंग' आहे. रॉजर लिन या अमेरिकन माणसाने १९८० साली आलेल्या आपल्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ही सोय दिली होती. कल्पना साधी. प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका थोडा उशिरा वाजवायचा. ५० टक्के म्हणजे सरळ, १५० आणि १५०. ६० टक्के केलं की १८० आणि १२०. ६६ च्या आसपास गेलं की दोनास एक, जवळजवळ दादऱ्याच्या झोक्यासारखं. आम्ही ५४ पासून एकेक वाढवत गेलो. ६० वर तात्यांची मान हलली. तिथे थांबलो.

मग कीबोर्ड जोडला आणि घोळ सुरू झाला. मिडीची केबल बरोबर, दोन्हीकडचे दिवे एकत्र लुकलुकतात, पण दर दुसऱ्या ठोक्याला 'फटफट' असा दुहेरी आवाज. गंमत अशी की मिडी क्लॉक फक्त टिकटिक पाठवतं, एका ठोक्याला २४. शंभरच्या टेम्पोला दर २५ मिलिसेकंदांनी एक. सोबत सुरू कर आणि थांब एवढे निरोप. स्विंग त्यात नसतोच! डबा ६० वर, कीबोर्डचा आर्पेजिएटर ५० वर, म्हणजे बरोब्बर ३० मिलिसेकंदांची फट. दोन्हीकडे ६० केलं, फटफट गेली.

हा केबलने यंत्रं जोडायचा खेळ आपल्याकडे नवा नाही बरं का. मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी सिनेमातले वादक, यांनी १९८२ मध्ये रोलंडचं टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा रागांची रेकॉर्ड केली, डिस्कोच्या ठेक्यावर. मिडी आलं त्यानंतर, १९८३ मध्ये. रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये परत निघाली, आणि शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊसच्या आधी मुंबईत हे झालं होतं म्हणून जगभर बोलबाला झाला. मी तात्यांना मोबाईलवर भैरव ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "चांगलंय. पर लय चढंना की!"

खरंय. ठेका सुरुवातीला तोच आणि शेवटीही तोच. आणि आमच्याकडची आरती, गोंधळ, नवरदेव मांडवाशी आल्यावरचा नाच, सगळीकडे लय चढते. किती चढवायची हे तात्या समोरच्यांचे पाय बघून ठरवतात. रविवारी सकाळी त्यांनी शंभरावरून सुरू केलं आणि वाढवत नेलं. मी नॉब फिरवत मागे धावतोय, पण दर वेळी डबा जरा मागे नाहीतर पुढे. दुसऱ्या यंत्राच्या क्लॉकमागे डबा मुकाट जातो. ढोलकीला मात्र क्लॉक आऊट नसतं.

"इंजिनेर," तात्या थांबून म्हणाले, "हे माझं ऐकायलंय का, का मीच ह्याचं ऐकायचं?"

शेवटी अशी वाटणी केली. सिनेमाची गाणी एका लयीत चालतात, तिथे डबा चालू. चढत्या लयीच्या गाण्यांना डबा बंद, ढोलकी एकटी. आणि चालू-बंदचा फूटस्विच तात्यांच्या पायाशी, म्हणजे समेवर तेच सोडणार आणि तेच थांबवणार. तिघांनी मिळून दोन तास वाजवलं. भाऊसुद्धा कबूल झाला की असंच बरं वाटतंय.

पण तात्यांना काढायचं नाही एवढंच ठरलं. फक्त सिनेमाची गाणी हवी असलेल्या छोट्या सुपाऱ्यांना त्यांना बोलवायचं नाही, हेही ठरलं. मी भावाशी वाद घातला. तो म्हणाला, लग्नसराई वर्षातून चार महिने, डब्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र बारा. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तात्या काही बोलले नाहीत, ढोलकीची दोरी ओढत बसले.

असो. तुमच्याकडे असा डबा आला तर टेम्पो आकड्याने लावू नका, वाजवणाऱ्याच्या हातावरून टॅप करा. स्विंग प्रत्येक यंत्रावर वेगळा तपासा. एकच यंत्र मास्टर ठेवा, बाकीची एक्स्टर्नल क्लॉकवर. आणि स्टार्ट कोण दाबणार हे आधी ठरवा. आमच्याकडे तो स्विच सध्या तात्यांच्या डाव्या पायाशी आहे. निदान मोठ्या सुपाऱ्यांना तरी.