नक्षी, अण्णा आणि मी

तर झालं असं, की तिसऱ्या सेमिस्टरला आमची एम-थ्री गेली. ('एम-थ्री गेली' हे वाक्य आपल्या कॉलेजात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, हेच काय ते समाधान!) रिझल्टच्या रात्री मेसची पातळ आमटी पिऊन रूमवर आलो आणि लॅपटॉप उघडला. गणिताचे व्हिडिओ शोधता शोधता कसा कोण जाणे, एका ऑनलाइन कोर्सवर जाऊन पडलो. नाव होतं 'सरफेस पॅटर्न डिझाइन'. बघायला फुकट, सर्टिफिकेटला पैसे. आम्ही अर्थातच फुकटवाले.

सरफेस पॅटर्न म्हणजे काय? तर पडदा, साडी, वॉलपेपर, गिफ्टचा कागद यांच्यावर जी नक्षी पुन्हा पुन्हा येते, ती. पहिल्याच धड्यात शिकवणाऱ्या बाईंनी एक गंमत करून दाखवली. चौकोनी कागदाच्या मधोमध फूल काढायचं, कडेपर्यंत जायचं नाही. कागद उभा मधोमध कापायचा, डावा भाग उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवून चिकटवायचा. मग तसंच आडवं कापून वरचं खाली, खालचं वर. आता मध्ये जी मोकळी जागा झाली ती भरायची. झाला रिपीट! असे कितीही कागद शेजारी ठेवा, कडा जुळणारच, कारण कडेला आलेला भाग मुळात एकमेकांना लागूनच होता. मी जर्नलच्या कोऱ्या पानावर करून बघितलं. खरंच जुळलं! रात्रीचे दोन वाजले होते आणि एम-थ्री डोक्यातून गेली होती.

मग नादच लागला. इंकस्केप हे फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात एकाच चित्राच्या प्रती टाइल्ससारख्या मांडायची सोय आहे आणि त्यासाठी सिमेट्रीचे १७ प्रकार दिलेत. १७च का? शोधल्यावर कळलं, की सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या सिमेट्रीचे प्रकार नेमके १७च होतात. अठरावा शक्यच नाही! फेदोरोव्ह या रशियन गणितज्ञानं १८९१ मध्ये हे सिद्ध केलं. मटेरियल सायन्सला क्रिस्टल स्ट्रक्चर शिकताना जांभया देणारा मी, त्याच विषयाच्या मागे आता स्वतःहून लागलो होतो. विल्यम मॉरिस या इंग्रज कलाकाराची १८८३ सालची 'स्ट्रॉबेरी थीफ' ही कापडावरची नक्षी वॉलपेपरला लावली. बागेतली स्ट्रॉबेरी चोरणारे पक्षी आहेत त्यात. रूम पार्टनर म्हणाला, "काय बे, पडदे शिवायचा धंदा काढतो का?"

मी हसलो. पण ते वाक्य लागलं. का लागलं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितोय.

आमचे अण्णा सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. म्हणजे नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायची, एकेक चौकोन रंगवायचा. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डांची माळ मागावरच्या जॅकार्डला चढवायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. कॉम्प्युटरवाल्या मित्रांनो, हे तुमचं शून्य आणि एकच की! जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ साली फ्रान्समध्ये हा माग आणला आणि पुढे चार्ल्स बॅबेजनी आपल्या यंत्रासाठी पंच कार्डांची कल्पना इथूनच घेतली.

मी सातवीत असताना तो कारखाना बंद पडला. तेव्हापासून अण्णा कापड दुकानात काउंटरला असतात. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर सगळ्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "टेक्स्टाइल इंजिनिअर आहेत." दीड वर्ष ते तसंच चालवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी कोर्सचं शेवटचं असाइनमेंट करत बसलो होतो. जास्वंदीचा रिपीट. कडा अगदी चोख जुळलेल्या. मी खूश! अण्णा दुकानातून आले, चपला काढता काढता लांबूनच म्हणाले,

"काय करालास रे?"

"काही नाही, डिझाइन आहे."

"आडवे पट्टे पडालेत बघ."

"कुठं? कडा जुळल्यात की अण्णा!"

"कडा जुळल्या रे. जवळून बघू नको. दहा फुटावर जा, डोळे बारीक कर."

गेलो. बारीक केले. आणि दिसलं! फुलांच्या दोन ओळींमध्ये रिकामी जागा एका रेषेत आली होती, भिंतीला भेग पडावी तशी. अण्णांनी माझं पेन घेतलं, वर्तमानपत्राच्या कडेला ठिपके मांडले. "एक सोडून एक उभी ओळ निम्म्यानं खाली घे. पट्टा तुटतोय." कोर्समध्ये याला 'हाफ ड्रॉप' म्हणतात. तो धडा मी दोनदा बघितला होता. अण्णांनी एकदाही नाही.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? चूक झाली की सगळी कार्डं पुन्हा पाडावी लागायची. आपोआप येतंय." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या हॉस्टेलच्या चादरीवर बघ की. माझाच ग्राफ आहे तो."

मी काहीच बोललो नाही. दीड वर्ष त्या चादरीवर झोपलो, त्यावर चहा सांडला, पत्ते खेळलो. एकदाही बघितली नव्हती.

जुलैमध्ये परत आलो, बॅग टाकली आणि चादर कॉटवर पसरून दाराशी जाऊन उभा राहिलो. डोळे बारीक केले. कोयऱ्यांची एक ओळ, शेजारची निम्म्यानं खाली. पट्टा नाही, भेग नाही. शोधूनही सापडली नाही.

सर्टिफिकेट घेतलं नाही. एम-थ्री निघाली, ४२ मार्कांनी. रूम पार्टनरला खरं काय ते सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस बे?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. यंदा स्कॉलरशिपच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात काउंटर सेल्समन लिहिलं, कारण तेच खरं आहे. पण पेन तिथंच थोडा वेळ थांबलं.

असो. कुणाला रिपीट शिकायचा असेल तर रूम नंबर २१४ मध्ये या. कागद आणि कात्री माझी, चहा तुमचा. चादर मात्र लांबूनच बघायची!