थांब्यात गोठणारे यंत्र

आमच्या आई ओवी सांगताना मध्येच थांबतात. ओवी फार जुनी असली की हे थांबणे लांबते. डोळे मिटून, उजवा हात मांडीवर गोल फिरवीत, जणू जात्याचा खुंटा अजून मुठीतच आहे, अशा त्या शब्द शोधत बसतात. २०१९च्या पावसाळ्यात, त्यांच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आम्ही दोघे नवराबायको रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसत असू. एकाने विचारायचे, दुसऱ्याने टंकायचे. फोनवर ध्वनिमुद्रण करून पाहिले होते. पण फोन समोर ठेवला की त्या सभेत बोलल्यासारख्या बोलत आणि ओव्या सुचेनाशा होत. गी पॉइटेव्हिन व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांमध्ये आईंच्या काही ओव्या कदाचित असतीलही. आम्हांला हवा होता तो आईंच्या तोंडचा पाठ, आणि त्यासाठी हाताशी फार दिवस उरलेले नाहीत, हे आम्ही एकमेकांना न सांगता जाणून होतो.

लॅपटॉप गोठत असे तो नेमका याच दिवसांत. कर्सरची लुकलुक थांबे, कोपऱ्यातले घड्याळ सात बाराला अडकून बसे, कोणतीही कळ दाबा, प्रतिसाद शून्य. पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र मारायचे आणि पुन्हा उठवायचे, एवढेच हाती असे. लिबरऑफिस मूळ मांडणीत दर दहा मिनिटांनी मजकुराची प्रत राखते. त्यामुळे कधी दोन ओव्या जात, कधी सात. दर ओळीला कंट्रोल-एस दाबायला काय झाले होते, असे वाचक विचारतील. दाबत होतो. पण ऐकण्यात गुंगलेल्या माणसाला ते भान राहत नाही. मग आईंना पुन्हा विचारावे लागे. "मघाशी सांगितलीत तीच का, आई?" "तीच की!" ती नसे. शब्द बदललेले असत, कधी बाभळीच्या जागी बोर आलेली असे.

प्रथम संशय उष्णतेवर गेला, कारण यंत्र बंद पडले की सर्वांचा जातो. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने पंखा साफ केला, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वेगाकडे वळलो. प्रोसेसरचा कमाल वेग उतरवला, टर्बो बंद केला. यंत्र मंद झाले आणि मंदपणेच गोठले. नोंदवहीत, म्हणजे सिस्टम लॉगमध्ये, शेवटची ओळ नेहमीच्या किरकोळ कामाची असे. मरणाऱ्याने काही लिहून ठेवलेले नव्हते.

मेमरी तपासण्यासाठी मेमटेस्ट रात्रभर चालवली. सकाळी एकही चूक नव्हती. सर्व गाभ्यांवर दोन तास पूर्ण भार टाकला. पंखा बोंबलला, तळ तापला, यंत्र ठाम उभे. आम्ही हिरमुसलो. खरे तर तेव्हाच उत्तर समोर होते, पण बिघाड श्रमांत असतो ही समजूत इतकी घट्ट, की श्रमांत टिकलेले यंत्र पाहून आम्ही "दोष सापडला नाही" एवढेच म्हणालो. पुढे एका संध्याकाळी आईंनी सांगणे लवकर आटोपले, आणि आम्ही मागे गाणी लावून उरलेले मुद्रितशोधन केले. तीन तास काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही गाणी होती, तेव्हाही नाही. गाणी बंद केली त्या संध्याकाळी आई एका ओवीवर अडल्या, आणि पडदा गोठला.

प्रोसेसरला काम नसते तेव्हा तो नुसता बसून राहत नाही, टप्प्याटप्प्याने झोपतो. या टप्प्यांना सी-स्टेट म्हणतात. सी-० म्हणजे जागा. सी-१ मध्ये तो पुढची आज्ञा येईतो थबकतो. त्याहून खोल अवस्थांत कॅशे रिकामी होते, आणि सी-६ मध्ये गाभ्याची स्थिती बाजूला साठवून त्याचे व्होल्टेज जवळजवळ शून्यावर आणतात. दोन कळांच्या मधल्या क्षणातही तो असा अनेकदा डुलकी घेतो. लांब शांततेत मात्र खोल जाण्याची संधी अधिक. आमचा प्रोसेसर त्या खोलीतून कधीकधी परत येत नव्हता.

ही व्याधी नवी नाही, हे वाचून आम्हांला विचित्र दिलासा मिळाला. थांबण्याची आज्ञा, एचएलटी, १९७८च्या ८०८६ मध्येही होती. तरी विंडोज ९५ काम नसताना ती वापरत नसे. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी पुढे त्याचे कारण लिहिले: काही लॅपटॉप ही आज्ञा मिळताच कायमचे अडकत. जुने लिनक्स तर सुरू होतानाच ही आज्ञा तपासून पाही आणि "ओके" असे पडद्यावर छापी. यंत्राला थांबता येते का, याची एवढी चौकशी!

आमच्या यंत्राच्या बायॉसमध्ये यासाठी कळ नव्हती. म्हणून ग्रबच्या फाइलमध्ये, कर्नेलला द्यायच्या सूचनांच्या ओळीत, कमाल सी-स्टेट एक, अशी भर घातली, ग्रब अद्ययावत केले आणि यंत्र नव्याने सुरू केले. वीस दिवस ते गोठले नाही. पण आठवड्यातून तीनदा होणारा बिघाड वीस दिवस झाला नाही, हा पुरावा की योगायोग? आई झोपल्यावर, दुसरी फाइल उघडून, आम्ही ती भर काढून टाकली. दुसऱ्याच रात्री यंत्र गोठले. भर परत घातली. इतक्या आनंदाने बिघाड पाहण्याचा प्रसंग आमच्या आयुष्यात दुसरा नाही.

किंमत मोजावी लागलीच. चार तास पुरणारी बॅटरी अडीच तासांवर आली, आणि काही न करतानाही तळ कोमट राहू लागला. वीज गेली की आम्ही घड्याळाकडे पाहत टंकू लागलो. आईंना मात्र घाई केली नाही. त्या थांबत, हात मांडीवर फिरत राही, आणि समोर यंत्र अर्धवट जागे राहून कर्सर लुकलुकवत असे. एकदा त्यांनीच विचारले, "अरे, हे आता बंद नाही का पडत?" नाही म्हणालो. "मग मला आठवू दे निवांत."

त्या पावसाळ्याअखेर एकशे चौसष्ट ओव्या झाल्या. एकसष्टाव्या पानावर एक ओळ कंसात आहे: येथे लेकीच्या वाटेवरच्या बाभळीची ओवी होती. बोरीची खाली दिली आहे.