पेल्याखालची फळे

ज्या वस्तूला आपल्या भाषेत नाव नाही, ती आपल्या घरात मुळात नव्हती असे खुशाल समजावे. पाण्याच्या पेल्याखाली ठेवावयाच्या चकतीला इंग्रजीत कोस्टर म्हणतात. मराठीत काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही. आपल्याकडे हंड्याखाली चुंबळ असे, ताटाखाली अडणी असे, माणसाखाली पाट असे. पण तांब्या-भांडे मात्र सारवलेल्या जमिनीवर बिनदिक्कत टेकत असे. त्याच्या बुडाला घाम आला, तर जमीन तो निमूटपणे पिऊन टाकी. पुढे मेज आले, मेजाला पॉलिश आले, आणि त्या पॉलिशवर उमटणाऱ्या पांढऱ्या वर्तुळांची काळजीही मागोमाग आली.

भिलाईच्या उन्हाळ्यात ही काळजी अंमळ अधिकच. मे महिन्यात येथील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. बाहेरची हवा अशी कोरडी, की ओला पंचा घटकाभरात कडकडीत वाळावा. पण खिडकीला कूलर लावला, की खोलीतील हवा ओलसर होते आणि थंड पेल्याच्या अंगावर तिच्यातील बाष्पाचे थेंब जमू लागतात. आमच्या सरकारी क्वार्टरमधील मेजावर अशी वर्तुळे इतकी आहेत, की आमच्या आधी येथे किती बिऱ्हाडे राहून गेली याची मोजदाद त्यांवरूनच करावी. गावही तसेच आहे. दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजावर आणि सोव्हिएत साहाय्यावर उभ्या राहिलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, आणि तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येत राहिली आहेत. येथे तयार होणारे रूळ देशभर पसरतात आणि त्याच रुळांवरून आमच्यासारख्यांच्या बदल्या होतात.

यंदा कन्येच्या शाळेने सुटीचा उद्योग म्हणून फळांच्या चित्रांचे सहा कोस्टर करून आणावयास सांगितले. बाजारात त्यासाठी कापलेल्या लाकडी चकत्या तयार मिळतात. मी त्या आणावयास निघालो, तेव्हा आई कूलरजवळच्या आपल्या जागेवरून म्हणाली, "चकत्यांना दुकान कशाला? चिंचोके आण."

आपण होऊन आई काही बोलली, हीच मोठी नवलाची गोष्ट होती. आम्ही मूळचे सावंतवाडीचे. गेल्या वर्षी वडील वारले, घराला कुलूप लागले आणि आई माझ्याकडे आली. तेव्हापासून तिचे एकच वाक्य ठरलेले असे: "पावसाआधी मला घरी पोचव." कौलारू घर, कोकणातला पाऊस आणि एकटी बाई! माझे उत्तरही तितकेच ठरलेले होते. कचेरीतील काही कागद जसे 'विचाराधीन' या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे पडून राहतात, तसा तो विषय आमच्या घरात पडून होता.

आईचे माहेर चितार आळीच्या शेजारचे. त्या आळीतील लाकडाची रंगीत फळे मराठी वाचकांना ठाऊक आहेतच. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तो आंबा हाती घेतला, तर वजनावरूनच काय तो खोटा ठरावा. त्याच गावची दुसरी कला गंजिफांची. दशावतारी गंजिफेची पाने १२०. दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पाने, सारी वाटोळी. ही कला विझत आली असता १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यातच आश्रय दिला. तळहाताएवढी वाटोळी चकती कशी करावी, हे सावंतवाडीच्या माणसाला भिलाईच्या बाजाराने शिकवावे याचे आईला वैषम्य वाटले असावे.

चिंचोके भाजले, सोलले, रात्रभर भिजविले, वाटले आणि शिजवून त्यांची खळ केली. थरांसाठी जुने कापड हवे होते. आईने ट्रंकेतून वडिलांचे एक धोतर काढले. मी दुसरे काही शोधू लागलो, तोवर तिची कात्री चाललीही होती. कापडाचे थर खळीने एकावर एक चिकटवून वरवंट्याखाली दाबले. वाळल्यावर खळीत खडूची पूड कालवून तिचा लेप दिला आणि तो गुळगुळीत दगडाने घोटला.

आता फळे कोणती काढावयाची? आंबा, फणस, काजू आणि कलिंगड यांवर आजी-नातीचे एकमत झाले. कन्येच्या फणसाला काटे होते ते सीताफळासारखे, आजी हसून म्हणाली, "असो फणस खंय असता गो?" पण उरलेल्या दोन चकत्यांवर कन्येने तेंदू आणि चार काढावयाचे ठरविले. ही येथल्या रानातली फळे. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या झाडाचे पिवळे, गोड-तुरट फळ म्हणजे तेंदू, हे तिने आजीला शिक्षिकेच्या ऐटीत समजावून दिले. आजीने ते ऐकून घेतले. पण 'चार' म्हणजे ज्याच्या बीतून चारोळी निघते तेच काळसर फळ, हे कळताच तिने हातातील कुंचला खाली ठेवला. "जन्मभर श्रीखंडावर घातली," ती म्हणाली, "आणि फळ कसे असते ते आज कळले."

शेवटी लाखेचा हात दिला. लाखेसाठी छत्तीसगड झारखंडाच्या जोडीने ओळखला जातो, आणि चिंचेसाठी जगदलपूरची पेठ नावाजलेली आहे. ज्या दोन पदार्थांवाचून गंजिफा उभी राहत नाही, ते दोन्ही पिकविणाऱ्या मुलखात आपण राहतो, हे माझ्या प्रथमच ध्यानात आले.

चकत्या देखण्या झाल्या, पण एक अडचण निघाली. ओला पेला गुळगुळीत लाखेला चिकटे आणि उचलला की चकतीही सोबत येऊन खाली पडे. शिवाय पाणी फार वेळ साचले, तर लाखही पांढरी पडते. आईने धोतराच्या उरलेल्या काठाची बारीक दोरी वळली आणि प्रत्येक चकतीच्या कडेने शिवून टाकली. पेला आता त्या कड्यावर टेकतो आणि पाणी धाग्यात मुरते. तिने कोस्टरला चुंबळ केली होती.

त्या रात्री तिने पुन्हा तेच वाक्य उच्चारले, आणि मी ठरलेले उत्तर दिले नाही. ज्या बाईने नवऱ्याच्या धोतराला हात न थरथरता कात्री लावली, ती रिकाम्या घराला भिईल असे मला वाटेना. गळकी कौले परतून घेण्यासाठी मी शेजारच्या काकांना फोन केला आणि जूनच्या पहिल्या आठवड्याची तिकिटे काढली.

निघताना आईने लाकडी फळांच्या परडीत ठेवावयाला दोन चकत्या मागून घेतल्या. मला वाटले, ती आंबा आणि फणस उचलील. तिने तेंदू आणि चार उचलले.

शाळा उघडली तेव्हा कन्येने चारच चकत्या नेल्या. उरलेल्या दोन कोठे, असे बाईंनी विचारले. ती म्हणाली, "त्यांची बदली झाली."