आजीचे गाव

वंशावळ हा आपल्याकडे अभिमानाचा विषय. कुलवृत्तांत छापले जातात, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या चाळल्या जातात आणि मूळ पुरुष सापडला की धन्यता वाटते. मूळ स्त्री कोण, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारले तर काय हाती लागते, हे मला इतिहास शिकवताना दक्षिण आफ्रिकेतल्या एका घराण्याने दाखवले.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केप येथे वसाहत घातली. १६७९ साली सिमोन व्हान डेर स्टेल तिचा प्रमुख होऊन आला. त्याने स्टेलेनबॉश वसवले, कॉन्स्टान्शियाला द्राक्षमळे लावले, १६९१ मध्ये तो गव्हर्नर झाला. गोऱ्या वसाहतकारांच्या इतिहासात त्याला मानाचे पान मिळाले.

आता त्याची वंशावळ पाहा. जन्म १६३९ चा, मॉरिशसला निघालेल्या जहाजावर. वडील आद्रियान हे मॉरिशसचे डच प्रमुख. आई मारिया लीव्हन्स. तिचे वडील डच कप्तान, आणि आई मोनिका दा कोस्टा, हिंदुस्थानातून नेलेली व पुढे मुक्त झालेली गुलाम स्त्री. ‘कोस्टा’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत किनारा. काही अभ्यासक तो गोव्याचा मानतात, काही कोरोमांडेलचा. आजोबांची नोंद हुद्द्यासह. आजीच्या वाट्याला नुसता किनारा!

केपच्या जुन्या कागदांत ‘अँजेला व्हान बंगाले’ अशा धर्तीची नावे पुष्कळ आढळतात. हे ‘व्हान’ आपल्या ‘कर’सारखेच. फरक इतकाच, की आपले निपाणीकर गावाचे नाव अभिमानाने मिरवतात. या बायकांचे गाव हिरावून घेतले आणि नाव तेवढे चिकटवले. त्याच देशात १९४९ मध्ये गोऱ्यांच्या अन्यवर्णीयांशी विवाहाला बंदी आली आणि १९५० पासून माणसांची वर्णवार नोंद सुरू झाली. सिमोन तेव्हा असता, तर कारकुनाने त्याला कोणत्या रकान्यात बसवले असते? ती बंदी १९८५ मध्ये उठली, नोंदणीचा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला.

आपल्या आज्या गुलाम नव्हत्या. त्या मानाने माप ओलांडून आल्या. तरी माझी आजी बैलहोंगलकडची, कानडी घरातली. लग्नात तिचे नाव बदलले. आमच्या कुलवृत्तांतात तेवढे नवे नाव आहे. माहेरचे नाव सांगू शकणारे आज घरात कोणी उरलेले नाही. आणि सीमाभागात अस्सल मराठी कोण, पक्के कन्नड कोण, यावर आपण हमरीतुमरीवर येतो!

हल्ली मी दहावीच्या मुलांना वंशावळ आईकडून काढून आणायला सांगतो: आई, तिची आई, तिचीही आई, प्रत्येकीचे माहेरचे नाव, गाव आणि बोली. तिसऱ्या पायरीवर बहुतेकांची लेखणी अडते. मग मुले घरी जाऊन विचारू लागतात. सांगणारी म्हातारी माणसे आहेत, तोवरच हे विचारून घ्यावे.