जयपूरची रजई घरी आणल्यावर

मंडळी, हिवाळ्यात जयपूर पाहायला गेलात, तर रजयांचा बाजार चुकवू नका. सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसवलेले हे शहर. १७९९ साली बांधलेला हवामहाल पाहून खाली उतरलात की आसपासच्या बाजारात रजयांच्या थप्प्या दिसू लागतात. दुकानदार एक रजई उलगडून तुमच्या हातावर ठेवतो. ती इतकी हलकी, की हिने थंडी कशी भागणार, असे वाटावे! पण जानेवारीत तिथे रात्रीचा पारा आठ अंशांच्या आसपास उतरतो आणि ही रजई पुरून उरते.

आपण कापूस पिकवणारी माणसे. यातले मर्म आपल्याला लवकर कळेल. ऊब कापसाच्या वजनात नसते, तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. म्हणून तिथले कारागीर रुई पुन्हा पुन्हा पिंजून कचरा आणि गाठी काढतात, ती पातळ सुती कापडात सारखी पसरतात आणि हाताने टाके घालतात. टाक्यांमुळे रुई एका कोपऱ्यात गोळा होत नाही.

आता उलट बाजू पाहा. जिनिंग-प्रेसिंगमध्ये १७० किलोची गाठ बांधतात. दाबून बसलेली ती रुई मोकळी करायला गिरणीत यंत्रे लागतात. आपल्या घरी असे यंत्र कुठले? तरीही आपण रजई दोरीने करकचून बांधतो, ट्रंकेच्या तळाशी घालतो, वर भांडी रचतो. मग थंडीत म्हातारी माणसे आणि लेकरे कुडकुडतात आणि आपण दोष देतो रजईला!

तेव्हा एवढे करा. प्रवासात रजई सैल गुंडाळून सामानाच्या सर्वांत वर ठेवा. मुक्कामी पोचताच सोडा, हलक्या हाताने झटका आणि थोडा वेळ पसरून ठेवा.

पावसाळ्याआधी तिला दोन्ही बाजूंनी कडक ऊन दाखवा. ऊन खाल्लेली रजई सावलीत पूर्ण निवू द्या, मगच सैल घडी घाला. जुन्या धुतलेल्या लुगड्यात किंवा धोतरात बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेलाच घाला. उंदरांचा त्रास असेल तर पत्र्याची ट्रंक बरी. पण रजई सगळ्यांत वर, आणि तिच्यावर काही नको. पावसाळ्यात उघडीप मिळाली की बाहेर काढा, वारा द्या आणि घडी बदला. एकाच रेषेवर घडी राहिली की तिथली रुई बसते.

एवढे करूनही काही वर्षांनी रुई बसलीच, तर रजई टाकून देऊ नका. टाके उसवा, रुई पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या आणि पुन्हा भरा. शेतात घाम गाळून पिकवलेला कापूस असा सहजासहजी वाया जात नाही.