सरड्याचा अंगरखा

आमच्या वर्गात दोन समज पक्के आहेत. ज्याचे वडील शेतकरी, त्याला पाऊस कधी येणार ते कळते. आणि जिची आई ब्लाऊज शिवते, तिला शिवण येते. या दुसऱ्या समजापायी यंदाच्या स्नेहसंमेलनात सरड्याचा पोशाख शिवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

एकांकिकेत एक सरडा होता. निवडणुकीच्या दिवसांत तो झाडावरून खाली उतरतो आणि माणसांची रंग बदलण्याची शिकवणी घेतो. हे काम करणारी माझी मैत्रीण सबंध वेळ रांगणार, उड्या मारणार, उकिडवी बसणार. म्हणून पोशाख गळ्यापासून घोट्यापर्यंत अखंड आणि अंगासरशी हवा, असे दिग्दर्शकाने फर्मावले. वर्गणीतून हिरवे लायक्रा आले आणि "तुझ्या घरी मशीन आहेच," असे म्हणून ते माझ्या हाती ठेवले गेले.

खरी गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मला हूक लावता येतात, हातशिलाई येते. पण मशीनवर आई मला बसू देत नाही. मी बसले की म्हणते, "उठ. पुस्तक घे. या मशीनवर एकीने पाय झिजवले तेवढे पुरे." माझी फी त्याच मशीनवरून येत असल्यामुळे वाद घालायला जागा नसते.

आई बाहेर गेली होती ती दुपार मी साधली. ती जसे बेतते तसेच मी बेतले. मैत्रिणीची छाती 32 इंच, त्यावर 2 इंच सैल, शिवाय शिवणीला माया. मशीनला 16 नंबरची सुई आणि सुती दोरा होताच. पण कापड खडूच्या रेघेवर स्वस्थ पडेना. कडा वळून सुरळी होई. सुई एक टाका घेई आणि दोन सोडी. तरी संध्याकाळपर्यंत पोशाख उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तालमीत तो अंगात घालून सरडा उभा राहिला, तेव्हा बेडूक दिसत होता. मग तो खाली बसला आणि मागच्या बाजूने 'टर्र' असा आवाज आला. सगळे हसले. सरडा मात्र रडला. दिग्दर्शक म्हणाला, "राहू दे. भाड्याने आणू." राग केला असता तर चालले असते, 'राहू दे' हे शब्द मला फार लागले. ते मी याआधीही ऐकले आहेत, आणि दर वेळी ते 'तुला जमायचे नाही' याचेच सभ्य रूप असते. चार दिवस उरले होते. मी पोशाख पिशवीत कोंबून घरी नेला.

आईच्या नजरेतून हिरवे कापड सुटणे शक्य नव्हते. "मशीनवर कुणी बसायला सांगितलं होतं?" एवढे विचारून तिने उसवलेली शिवण उलटी केली. कापड शाबूत होते, दोरा तुटला होता. तिने कापड दोन्ही हातांनी ओढले, सोडले, पुन्हा ओढले. मग दोरीवरचा दादाचा बनियन काढून उलटा करून माझ्यापुढे टाकला. "ही शिवण बघ. सरळ आहे का?"

ती सरळ नव्हती. फासात फास अडकवत गेलेली ती ओव्हरलॉकची शिवण होती. तेव्हा मला उलगडा झाला. आपल्या साडी-ब्लाऊजचे कापड उभ्याआडव्या धाग्यांचे असते. हे कापड स्वेटरसारखे फासांचे असते, म्हणून ताणले जाते. ताणून पुन्हा जागेवर येते ते त्यातल्या लवचिक धाग्यामुळे. हा धागा अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 साली शोधला. कापड ताणले गेले आणि शिवणीतला सरळ दोरा ताणला गेला नाही, म्हणजे तुटणार तो दोराच.

आमच्या मशीनला ना ओव्हरलॉक, ना झिगझॅग. तेव्हा आहे त्यातच भागवायचे ठरले. बाजारातून गोल टोकाची 11 नंबरची सुई आणली; ती धाग्याला भोसकत नाही, फासांच्या मधून वाट काढते. सुती दोऱ्याऐवजी पॉलिस्टरचा घेतला, वरचा ताण थोडा ढिला केला, टाका बारीक केला. शिवताना कापड पुढून आणि मागून सारखे, अगदी थोडे ताणून धरायचे. आईने चिंधीवर 10 सेंटिमीटरची टीप घालून ती 14 पर्यंत ओढायला लावली. तीन चिंध्या तुटल्या, चौथी टिकली. मग प्रत्येक जोडावर शेजारी शेजारी दोन टिपा घातल्या.

बेतण्यावरून मात्र आमचे भांडण झाले. हे कापड अंगापेक्षा लहानच बेतावे लागते. 32 च्या छातीला एक दशांश कमी, म्हणजे 29 इंच. आईला ते पटेना. "अंगापेक्षा लहान कपडा कुणी शिवतं का?" माझे सारे कपडे तिने वाढत्या अंगाचे शिवले, दर जूनला आतली माया उसवून आणखी एक वर्ष काढले. पण पोशाख रुंदीत ढगळ होता, म्हणून कापून लहान करता आला. चूक होती ती उंचीत. मी मापे उभ्या माणसाची घेतली होती आणि सरडा तर वाकणारा. खाली बसले की पाठ लांबते. मग उरलेल्या कापडाची पट्टी कमरेत जोडली आणि पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा बसवला. तो तुकडा आईनेच सुचवला. बाकी शिलाई माझी. ती शेजारी बसून राहिली. एकदाही 'उठ' म्हणाली नाही.

प्रयोगात मी विंगेत होते, पण नाटक मी पाहिलेच नाही. मी त्या शिवणीकडे बघत होते. सरडा रांगला, उडाला, बसला. टाळ्या पडल्या तेव्हा मी श्वास सोडला.

घरी आल्यावर आईने बक्षिसाचे काही विचारले नाही. "उसवली नाही ना?" एवढेच विचारले. "नाही," म्हटल्यावर म्हणाली, "मग आता उठ. परीक्षा जवळ आली आहे."

ती गोल टोकाची सुई मात्र तिने मला परत दिली नाही. शेजारच्या मुलीचा टी-शर्ट शिवायला आला होता, तेव्हा ती तिच्या डबीतून निघाली.