पेजेची वेळ

पावसाळ्यात पहाटेच्या गाडीने आपण कुडाळला उतरलात, तर वेंगुर्ल्याच्या वाटेवरील एखाद्या घरी सकाळी दहापर्यंत थांबावे. त्या सुमारास शेतावरची माणसे परततात, पाय धुऊन पडवीत बसतात आणि उकड्या तांदळाची पेज वाढली जाते. हा तांदूळ जाडसर, किंचित तांबूस. शिजल्यावर दाणा फुलतो, पण विरघळत नाही. सोबत खारातल्या कैरीची फोड, कधी निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, कधी रात्रीची उरलेली कुळथाची पिठी. आमचे घर ह्याच वाटेवर आहे.

भात सालीसकट भिजवून, उकडून, वाळवून मग भरडला की उकडा तांदूळ होतो. उकडताना कोंड्यातील ब गटाची जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात आणि भरडल्यावरही बरीच टिकतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होई. जावा बेटावर आइकमन ह्या डच डॉक्टरांना त्याचा पहिला धागा गवसला तो कोंबड्यांच्या आजारातून. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माझ्या आजीला ह्यातले काहीच ठाऊक नव्हते. पांढऱ्या तांदळाच्या पेजेविषयी ती एवढेच म्हणे, ‘पोटाक आधार नाय.’

मला मात्र सारे ठाऊक होते, आणि तरीही आईची पेज मीच बंद केली. तिचे वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह जुना, रक्तदाब चढा. रुग्णांना देतो तोच छापील कागद मी तिच्या हाती ठेवला : भात बंद, लोणचे बंद, सकाळी ओट्स. चार महिन्यांनी गावी गेलो तेव्हा रक्तातील साखर उत्तम होती आणि वजन सहा किलोंनी उतरले होते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ओट्सची वाटी रोज मांजरापुढे जात होती.

‘तुझी औषदा घेतंय मी,’ ती म्हणाली, ‘पण ही खळ माका नको.’

त्या उत्तम साखरेचे मला भय वाटले. जेवण घटलेले आणि गोळ्या तशाच! अशा वेळी साखर एकाएकी घसरून म्हातारे माणूस न्हाणीघरात कोसळते, हे मी इतरांच्या घरी पाहिले होते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे वजन पथ्य न बदलता उतरत असेल, किंवा पथ्यामुळे जेवणच तुटले असेल, तर गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून त्वरित तपासून घ्यावी. स्वतःहून मात्र कमी-जास्त करू नये.

गोळ्यांची मात्रा मी उतरवली आणि चुलीपाशी बसलो. पेज पातळ आणि मऊ असल्याने साखर लवकर वाढवते, हे खरेच. म्हणून तांदूळ अर्धी मूठ आणि भिजवलेले सालाचे मूग एक मूठ. शिजताना लाल भोपळ्याच्या बारीक फोडी. वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड, चमचाभर ओले खोबरे, अर्धा चमचा तूप. खारातली कैरी नखाएवढी, तीही पाण्यात बुडवून काढलेली. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत राखायचे, तर एवढीच परवडते. आंबटपणाची उणीव कोकमाने भरून काढली. (समुद्राकाठच्या एका हॉटेलात पेजेवर साय आणि तळलेले काजू घातलेले मी पाहिले आहेत. तो निराळा शृंगार.)

आईने वाडगा हाती घेतला, बराच वेळ निरखला.

‘ही काय पावण्यांची पेज?’

मग पडवीतल्या तिच्या नेहमीच्या जागी बसून, दोन्ही हातांनी वाडगा धरून ती जेवू लागली. मध्येच थांबून मूग आणखी शिजायला हवे होते, असे तिने सुनावले. पुन्हा वाढ म्हणाली. मी अर्धाच वाडगा वाढला. मांजर उंबऱ्याशी बराच वेळ बसून होते.